चौकटीबाहेरचें गांव

जुन्या घरांतील माळ्यावरची पेटी उघडली, कीं तींतून एखादें तरी छायाचित्र निघतेंच. पुठ्ठ्यावर डकविलेलें, कडा कसरीनें खाल्लेल्या. मध्यभागीं खुर्चीवर घरांतील वडील माणूस, मागें पागोटीं घातलेले पुरुष, पुढें सतरंजीवर मांडी घालून बसविलेलीं मुलें. चित्र घरभर फिरतें, सुना-नातवंडें तें हातीं घेऊन पाहतात. परंतु जोंपर्यंत तें आजींच्या हातीं पडत नाहीं, तोंपर्यंत तें मुकेंच. आजी चष्मा सावरतात, चित्र खिडकीच्या उजेडाकडे धरतात आणि एकेकावर बोट ठेवून सांगूं लागतात : ही तुझ्या आजोबांची आत्या, हा मुलगा पुढें लहानपणींच गेला, आणि अगदीं कडेला अर्धाच दिसतो आहे ना, तो आपला जुना गडी. चित्र काढणाऱ्यानें त्याला बाजूला हो म्हटलें होतें, पण त्याला तें ऐकूंच आलें नाहीं. ही शेवटची गोष्ट चित्राच्या पाठीवर कोणीं लिहून ठेवलेली नसते. ती फक्त आजींना ठाऊक असते, आणि त्यांनाही ती बहुधा त्यांच्या सासूबाईंनीं सांगितलेली असते.

ह्या महिन्यांत वाचकांस ज्या गांवीं न्यावयाचें आहे, तेथें अशीं चित्रें पुष्कळ आहेत. तीं हातीं घेऊन सांगणारीं माणसें मात्र जवळ जवळ संपलीं आहेत. गांवाचें नांव टाइनहॅम. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नांवाचा परगणा आहे. त्याच्या आग्नेय कोपऱ्यांत पर्बेकच्या टेकड्या आहेत आणि त्या टेकड्यांच्या कुशींतील एका दरींत हें खेडें वसलेलें आहे. दरी हळूहळू उतरत सुमारें मैलभरावर वर्बरो नांवाच्या उपसागराला मिळते. गांव म्हणजे काय, तर एक मध्ययुगांतलें लहानसें चर्च, पाद्र्याचें घर, शाळा, पोस्ट, करड्या दगडांच्या घरांची एक ओळ, कांहीं शेतवाड्या, समुद्राकांठीं कोळ्यांचीं थोडीं घरें, आणि जरा दूर झाडींत एलिझाबेथ राणीच्या काळचा जमीनदाराचा वाडा. ही जमीन सतराव्या शतकाच्या अखेरीपासून बाँड घराण्याकडे होती. गांवकरी हे त्यांचीं कुळें.

१९४३ सालच्या नोव्हेंबरांत ह्या दरींतील घरोघरीं लष्कराकडून एक पत्र आलें. दुसरें महायुद्ध चालू होतें. फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविण्याची तयारी करावयाची होती आणि रणगाड्यांच्या तोफांचा सराव करावयास जागा अपुरी पडत होती. शेजारच्या लुलवर्थ येथें पहिल्या महायुद्धापासूनच तसा सराव होत असे. आतां त्याची हद्द वाढवावयाची म्हणून सुमारें साडेसात हजार एकर जमीन घेण्यांत आली, आणि तीवर राहणाऱ्या सुमारें सव्वादोनशें माणसांना १९ डिसेंबरच्या आंत घरें खालीं करण्यास सांगण्यांत आलें. नाताळ सहा दिवसांवर होता. पत्राची भाषा सौजन्याची होती. आपण मागत आहों तो त्याग लहान नाहीं हें सरकार जाणतें, असेंही तींत म्हटलेलें होतें. लढाई संपली कीं परत येतां येईल, अशी सर्वांची समजूत होती आणि ती खोडून काढण्याच्या भरीस कोणी पडलें नाहीं. निघतांना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावण्यांत आली. पिढ्यान् पिढ्या राहिलेलीं घरें आम्ही लढाई जिंकण्यासाठीं दिलीं आहेत, चर्च आणि घरें जपून वापरा, आम्ही एके दिवशीं परत येऊं, असा तिचा आशय होता.

तो दिवस आला नाहीं. १९४८ सालीं सरकारनें ही जमीन सक्तीनें आणि कायमची आपल्या ताब्यांत घेतली. जमिनीचा मोबदला जमीनदाराला. कुळांच्या पदरीं पडली ती परसांतील भाजीपाल्याची किंमत. बाँड घराण्याचा वारस मार्क बाँड हा युद्धाच्या काळांत शत्रूच्या कैदेंत युद्धकैदी होता. घर सोडून लढावयास गेलेला मुलगा परत आला तेव्हां घराचें गांवच हातचें गेलेलें होतें.

इंग्लंडांत अशी गांवें आणखीही आहेत. विल्टशायरमधील इंबर त्याच वर्षीं, त्याच महिन्यांत रिकामें झालें. नॉरफोकमधील कांहीं खेडीं त्याच्या आदल्या वर्षीं. पण टाइनहॅमसंबंधानें एक विशेष गोष्ट अशी, कीं गेलेलें गांव आणि त्याचीं चित्रें आज एकाच ठिकाणीं पाहावयास मिळतात. आपल्याकडे मुळशीच्या धरणांत गेलेलीं गांवें पाण्याखालीं आहेत. त्यांच्या चित्रांशीं ताडून पाहावयास तेथें आतां भिंत नाहीं. टाइनहॅमच्या भिंती अजून उभ्या आहेत. छपरें गेलीं, खिडक्यांच्या जागीं भोंकें उरलीं, चुलीच्या कोनाड्यांत नेचे उगवले. पण दगड जागचे हललेले नाहींत. १९७५ सालापासून ठराविक दिवशीं लोकांना तेथें जाऊं देतात. मोडक्या घरांतून लहान लहान फलक लावलेले आहेत. त्यांवर त्या घरांत राहिलेल्या कुटुंबांची माहिती आणि जुनीं छायाचित्रें आहेत. चर्चमध्यें तर गांवाच्या इतिहासाचें एक प्रदर्शनच मांडलेलें आहे. दार असलेल्या घराचें चित्र दार नसलेल्या घरांत उभें राहून पाहावयाचें, असा हा विलक्षण प्रकार आहे.

हीं चित्रें कोणीं आणि कशासाठीं काढलीं, हें समजल्याशिवाय तीं नीट वाचतां येत नाहींत. खेड्यांचीं चित्रें काढून विकण्याचा धंदा इंग्लंडांत फार जुना आहे. फ्रान्सिस फ्रिथ नांवाचा एक क्वेकर पंथाचा गृहस्थ होता. लिव्हरपूल येथील किराणा मालाचा घाऊक व्यापार विकून त्यानें कॅमेरा हातीं धरला, इजिप्त आणि पॅलेस्टाईन पालथे घातले, आणि १८६० च्या सुमारास रायगेट येथें चित्रांची पेढी काढली. देशांतील प्रत्येक शहराचें आणि खेड्याचें चित्र आपल्या पेढीवर मिळालें पाहिजे, असा त्याचा संकल्प होता. (हिंदुस्थानांतील दृश्येंही त्याच्या पेढीकडे विक्रीस असत, लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांत तीं जपून ठेवलेलीं आहेत.) फ्रिथ १८९८ सालीं वारला, पण त्याच्या पेढीचे लोक पुढेंही कित्येक दशकें कॅमेरे घेऊन गांवोगांव हिंडत होते. १९०२ सालीं ब्रिटिश टपालखात्यानें कार्डाच्या एकाच बाजूला पत्ता आणि मजकूर दोन्ही लिहिण्याची परवानगी दिली. दुसरी बाजू सगळी चित्राला मोकळी झाली, आणि अर्ध्या पेनीच्या तिकिटावर खेडींपाडीं देशभर प्रवास करूं लागलीं.

परंतु ह्या कार्डांचें गिऱ्हाईक म्हणजे गांवचा रहिवासी नव्हे. गिऱ्हाईक होता उन्हाळ्यांत हवा पालटण्यास आलेला शहरवासी. त्याला जें आवडेल तेंच चित्र काढणारा काढी : चर्चचें शिखर, वेलींनीं झांकलेलें दार, वळणाचा रस्ता, आणि रस्त्यांत एखादें मूल, म्हणजे घराची उंची कळावी. उकिरडा, चिखल, कपडे धुण्याची जागा, शौचकूप ह्यांचीं कार्डें कोणी विकत घेतलीं नसतीं. घरगुती कॅमेरा निघाला त्यानेंही ह्या बाबतींत एकदम क्रांति केली असें नाहीं. कोडॅक कंपनीचा ‘ब्राउनी’ कॅमेरा १९०० सालीं पांच शिलिंगांना मिळूं लागला; पण त्या काळीं डॉर्सेटच्या शेतमजुराची आठवड्याची कमाई पंधरा शिलिंगांच्या आंतबाहेर. आठवड्याच्या कमाईचा तिसरा हिस्सा खर्चून कोण आपल्या परसांतल्या कोंबड्यांचें चित्र काढील? कॅमेरा असावयाचा तो वाड्यांत, किंवा पाद्र्याच्या घरीं. कुळें चित्रांत येत तीं कोणी तरी त्यांना उभें करी तेव्हां : शाळेंत, लग्नांत, सुगीला, किनाऱ्यावर. म्हणून त्या चित्रांत माणसें आहेत तरी त्यांचे रोजचे दिवस क्वचितच आहेत.

ते दिवस रहिवाशांनीं तोंडानें सांगितले. टाइनहॅम सोडलें तेव्हां जीं माणसें तरुण होतीं, त्यांपैकीं कित्येकजण पुढें साठ-सत्तर वर्षें जगलीं; आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांच्याकडे पत्रकार, इतिहासकार, शाळेंतील मुलें चित्रें घेऊन जाऊं लागलीं. त्यांच्या आठवणींत जें पुनः पुनः येतें, तें चित्रांत नाहीं. घरांत नळ नव्हता. पाणी बाहेरून भरून आणावें लागे. वीज नव्हती, गॅस नव्हता. मोठ्या वाड्याचें धुणें गांवांतल्या बायकांनीं धुवावयाचें. ओळीनें उभ्या असलेल्या त्या सुबक घरांचें चित्र पाहून आपण म्हणतों, ‘किती रमणीय!’ त्याच चित्राकडे पाहून त्या घरांत वाढलेल्या बाईला बादलीचें ओझें आठवतें. दोन्ही खोटें नाहीं. मात्र पहिली गोष्ट कोणालाही दिसते. दुसरी सांगावयाला तीच बाई हवी.

हीं माणसें तक्रारच करीत बसलीं, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. पुष्कळांच्या आठवणी आनंदाच्या आहेत आणि त्यांतील बऱ्याचशा समुद्राच्या आहेत. वर्बरोच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यांत मॅकरेल मासळीचे थवे येत. मॅकरेल म्हणजे आपल्या बांगड्याचा जातभाईच. थवा दिसला कीं होडींतून जाळें टाकून त्याला वेढा घालावयाचा, आणि मग दोन्हीं टोंकें किनाऱ्यावरून सगळ्यांनीं मिळून ओढावयाचीं. ज्यांनीं कोंकणच्या किनाऱ्यावर रापण ओढतांना पाहिली आहे, त्यांना ह्याहून अधिक सांगावयास नको. जाळें ओढणाऱ्या माणसांचीं चित्रें आहेत. जाड लोंकरी सदरे, गुडघ्यापर्यंत बूट, वाळूवर पडलेली मासळी. चित्रांत सगळें स्तब्ध आहे. ज्यांनीं लहानपणीं तें जाळें ओढलें त्यांच्या सांगण्यांत मात्र गलबला आहे, धांवाधांव आहे. २०२४ सालीं ह्या गांवांत जन्मलेले एक गृहस्थ वयाच्या शंभराव्या वर्षीं गांव पाहण्यास आले होते. त्यांनाही वीज नसणें, चर्चजवळून पाणी आणणें आणि मॅकरेल धरणें ह्याच गोष्टी आठवल्या. ऐंशी वर्षें बाहेर काढल्यावर उरलें तें इतकेंच, आणि तें फार थोडें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

गांवांतील सर्वांत बोलकीं चित्रें शाळेचीं. प्रत्येक इंग्लिश खेड्याचें एक तरी शाळेचें चित्र असतें. तीन ओळींत मुलें, मुलींच्या अंगावर पांढरीं वरचीं वस्त्रें, मुलांच्या पायांत खिळे मारलेले जड बूट, एका बाजूला मास्तरीणबाई, आणि पुढच्या ओळींतील कोणीं तरी मान हलविल्यामुळें पुसट झालेला एक चेहरा. बाहेरच्या माणसाला अशीं सगळीं चित्रें सारखींच. रहिवाशाला तें चित्र म्हणजे हजेरीपट असतो. कोणाचे बूट थोरल्या भावाचे होते, कोणीं पुढें लग्न कोणाशीं केलें, कोण लढाईंत पडला, हें सगळें तो बोटानें दाखवीत जातो. नांवें गेलीं, कीं त्याच चित्राखालीं ‘शाळेंतील मुलें, सुमारें अमुक साल’ एवढेंच लिहावें लागतें. आमच्या मतें ‘सुमारें’ हा शब्द जुन्या चित्रांखालचा सर्वांत उदास शब्द आहे. कारण विचारतां येईल असें कोणी उरलेलें नाहीं, एवढाच त्याचा अर्थ असतो.

ह्या शाळेसंबंधानें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण ती चित्रांच्या जादूला थोडा पायबंद घालते. टाइनहॅमची शाळा लष्करानें बंद पाडली नाहीं. ती १९३२ सालींच बंद झाली होती, कारण मुलेंच पुरेशीं उरलीं नव्हतीं. त्यापूर्वीं वर्बरोच्या किनाऱ्यावरचें तटरक्षकांचें ठाणें उठलें, तेव्हां तीं कुटुंबें मुलांसह निघून गेलीं होतीं. शेतीला माणसें कमी लागूं लागलीं होतीं. मासेमारीवर पोट भरेना. जीं थोडीं मुलें राहिलीं तीं शिकावयास कॉर्फ कॅसल गांवीं जाऊं लागलीं. म्हणजे १९४३ सालीं जें गांव उठविलें, तें भरलेल्या शाळेच्या त्या चित्रांतलें गांव नव्हतें. तें ओसरत चाललेलें गांव होतें. चित्र एका क्षणाचें असतें आणि पाहणारा त्याला सबंध काळ समजतो. भरलेली शाळा आणि रिकामी शाळा ह्यांच्या मधलीं वर्षें चित्रांत नसतात.

त्याच १९३२ सालीं, योगायोगानें, केंब्रिज येथील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट ह्यांचा स्मृतीवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. आठवण म्हणजे पेटींतून जशीच्या तशी काढलेली वस्तु नसून मन ती प्रत्येक वेळीं नव्यानें रचतें, असें त्यांनीं प्रयोगांवरून दाखविलें. म्हातारपणीं चित्र पाहून सांगितलेल्या आठवणींना तर हें दुपटीनें लागू. तेंच तें चित्र वीस वेळां पाहिलें, कीं माणसाला घर आठवतें कीं घराचें चित्र आठवतें, हें त्याचें त्यालाही सांगतां येत नाहीं. लहानपणीं पाहिलेलें दार हिरवें होतें कीं तपकिरी, हा वाद दोन बहिणींत लागला, तर काळें-पांढरें चित्र पंच होऊं शकत नाहीं. ह्यावरून कांहीं अभ्यासक रहिवाशांच्या सांगण्याकडे संशयानें पाहतात. आम्हांस तें फारसें पटत नाहीं. तारीख आणि रंग चुकोत. बादली जड होती हें चुकत नाहीं.

सांगणारा कोठें उभा होता, हें मात्र अवश्य पाहावें. टाइनहॅमवरील सर्वांत परिचित आठवणी लिलियन बाँड ह्यांच्या आहेत. त्या वाड्यांत वाढल्या आणि १९५६ सालीं, वाडा व गांव हातचें गेल्यावर, त्यांनीं त्यावर एक सबंध पुस्तक लिहिलें. पुस्तकाच्या नांवांतच ‘हरवलेला वारसा’ असा अर्थ आहे, आणि ज्यांचा वारसा हरवला त्यांनीं तसें म्हणणें स्वाभाविकच होतें. परंतु वाड्याच्या खिडकींतून दिसणारें गांव आणि वाड्याचें धुणें घेऊन जाणाऱ्या बाईला दिसणारें गांव हीं एकाच दरींत असलीं तरी एक नव्हेत. गांव सोडून गेलेल्या कुळांपैकीं कित्येकांना सरकारनें बांधलेल्या नव्या घरांत जागा मिळाली. तेथें नळ होता, दिवा होता, आणि तीं घरें आवडलीं असें सांगण्यास कांहींजण मुळींच लाजले नाहींत. वयस्कर माणसांपैकीं कांहींना नवी जागा मानवलीच नाहीं. एकाच चित्रासमोर हीं दोन्हीं तऱ्हेचीं माणसें उभीं राहिलीं असतील. वारसा हा शब्द उच्चारण्यापूर्वीं दोघांनाही विचारलें पाहिजे होतें. बहुतेकांनीं पहिल्यालाच विचारलें, कारण त्याच्याजवळ चित्रांच्या वह्या होत्या.

पुढें तर हें गांव, ज्यांनीं त्यांत एक रात्रही काढलेली नव्हती अशांच्या आठवणींचा विषय झालें. १९६८ सालीं रॉडनी लेग नांवाच्या एका तरुण लेखकानें टाइनहॅम परत मिळावें म्हणून चळवळ उभारली. सरकारनें नेमलेल्या समितीनें १९७३ सालीं लुलवर्थची सरावभूमि सोडून द्यावी असें सुचविलें. सरकारनें दुसऱ्या वर्षीं तें नाकारलें. आणि तडजोड म्हणून लोकांना जाण्यायेण्याची मोकळीक मिळाली. चळवळ झाली नसती तर तेवढेंही झालें नसतें, हें खरें. पण ह्या अवधींत टाइनहॅम म्हणजे हरवलेल्या सुखी इंग्लंडचें प्रतीक, अशी कल्पना रूढ होत गेली. पॅट्रिक राइट ह्यांनीं १९९५ सालीं एक मोठें पुस्तक लिहून ह्या कल्पनेची चांगलीच झडती घेतली. इंग्लंडसाठीं मेलेलें गांव असें त्याचें नांव आहे, आणि त्या नांवांत थोडा उपरोध आहे. ज्याला आपल्या काळांत जें नकोसें वाटलें तें तें त्यानें टाइनहॅमच्या रिकाम्या घरांत नाहींसें झालेलें पाहिलें. मोटारी नकोत, कारखाने नकोत, नवी वस्ती नको; आणि टाइनहॅममध्यें तर ह्यांतलें कांहींच नाहीं! रिकाम्या घरांत कोणीही आपला पाट मांडावा, तशांतलें हें झालें.

ह्या सर्व प्रकाराला शोभेशी एक घटना पोस्टाच्या दारापुढें घडली. टाइनहॅमच्या पोस्टापुढें १९२९ सालीं टेलिफोन करण्यासाठीं सिमेंट-काँक्रीटची एक पांढरी चौकी बसविण्यांत आली होती. गांवांत आलेलें बाहेरच्या जगाचें तें जवळ जवळ एकमेव यंत्र, आणि म्हणून आज येणारा प्रत्येकजण तिच्याजवळ उभा राहून आपलें चित्र काढून घेतो. १९८५ सालीं येथें ‘कॉम्रेड्स’ नांवाच्या चित्रपटाचें काम चाललें होतें. डॉर्सेटच्याच टोलपडल गांवच्या, संघटना केल्याबद्दल १८३४ सालीं काळ्या पाण्यावर पाठविलेल्या सहा शेतमजुरांची ती कथा. १८३४ सालीं टेलिफोन कोठला? तेव्हां ती चौकी अडचणीचीच होती. आणि त्या कामांत ती मोडली. चित्रपटवाल्यांनीं तशीच दुसरी आणून बसविली. आज जुन्या गांवाची खूण म्हणून जिचीं चित्रें घरोघर जातात, ती ही बदली आहे. गांवकऱ्यांपैकीं कोणीही तिच्यांतून कधीं टेलिफोन केला नाहीं.

वाड्याची तर खूणही धड उरली नाहीं. युद्धांत तो आधीं हवाई दलाकडे गेला, पुढें ओस पडला, आणि १९६७ सालीं सरकारी खात्यानें त्याचा मोठा भाग पाडून टाकला. प्रेक्षकांना तिकडे जाऊं देत नाहींत. म्हणून वाड्याचीं चित्रें हीं आतां ताडून पाहण्याचीं साधनें राहिलीं नाहींत. तींच वाडा झालीं आहेत. चर्चमधील घंटा शेजारच्या स्टीपल गांवच्या चर्चला दिल्या, तेथें त्या आहेत. ज्या आवाजावर टाइनहॅमचीं माणसें रविवारीं घराबाहेर पडत, तो आवाज असा दुसऱ्याच गांवाचा झाला आहे. कोणत्याही छायाचित्रांत तो उतरलेला नाहीं.

शाळेची खोली मात्र पुन्हां नीट मांडून ठेवलेली आहे. बाकें आहेत, फळा आहे, रानफुलांविषयीं मुलांनीं लिहिलेल्या वह्यांचीं पानें आहेत. भिंतीवर कोट अडकविण्याच्या खुंट्या आहेत आणि प्रत्येक खुंटीखालीं एकेका मुलाचें नांव लिहिलेलें आहे. खुंटी कोणती कोणाची, हें सांगणारें कोणी होतें तेव्हांच हें काम झालें, हें फार चांगलें झालें. चर्चमधील चित्रांवरून पाहणारे येथें येतात, नांवें वाचतात, आणि परत जाऊन त्या नांवांचे चेहरे शाळेच्या चित्रांत शोधतात. कांहीं सांपडतात, कांहीं नाहीं.

हें सगळें पाहावयाचें तें बहुतेक शनिवार-रविवारीं आणि सुट्यांच्या दिवशीं, कारण दरी अजूनही लष्कराचीच आहे. एरव्हीं डोंगरावर लाल निशाण चढतें, फाटक लागतें, आणि पलीकडून तोफांचे आवाज येऊं लागतात. तेवढा वेळ गांवांत कोणी नसतें. उघड्या भिंतींवर चित्रें तेवढीं असतात.